समोरच्या बाकावरच्या मदर विनिफ्रेड

मदर विनिफ्रेड माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या काखेत कोंबडी घेऊन. पायात चिखलाने माखलेले गमबूट, अंगावर घोट्यापर्यंतचा काळा झगा, डोक्यावर काळं वस्त्र आणि काखेत एक तपकिरी, रागीट कोंबडी. न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात लोक दुकानात अनवाणी येतात, पोहून झालं की ओल्या टॉग्जमध्ये, म्हणजे पोहायच्या कपड्यांत येतात, एकदा तर एक जण ट्रॅक्टर दारात धडधडत ठेवून आला होता. त्यामुळे मी फारसा दचकलो नाही. पण माझी फार्मसी आहे, आणि फार्मसीचे काही नियम असतात.

“मॅडम, कोंबडी...”

“ती तुझ्याकडे आलेली नाही,” त्या म्हणाल्या. “ती शेजारच्या जनावरांच्या डॉक्टरकडे आली आहे. तुझ्याकडे मी आले आहे. आम्ही दोघींनी एकमेकींसाठी थांबायचं ठरवलंय.”

हे सगळं अशा इंग्रजीत, की तोवर तसं मी फक्त राजघराण्यावरच्या मालिकांत ऐकलं होतं. ओठ जवळजवळ हलत नव्हते, आणि शब्द मात्र दुकानाच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटत होता. रांगेतली माणसं आदराने बाजूला झाली. “मदर, तुम्ही पुढे या ना.” मदर जागच्या हलल्या नाहीत. “मी बढती मागायला आलेले नाही,” म्हणाल्या, आणि कोंबडीसकट शेवटी उभ्या राहिल्या. त्यांचा नंबर येईपर्यंत कोंबडीने खोकल्याच्या औषधांच्या फळीकडे असं काही रोखून पाहिलं, की एका गिऱ्हाइकाने ते औषध घेण्याचा बेतच रद्द केला.

नंतर गावानेच मला माहिती पुरवली. टेकडीवर, दुधाच्या गायींच्या कुरणांपलीकडे, बेनेडिक्टाइन या ख्रिस्ती पंथाच्या साध्वींचा एक जुना मठ होता आणि या बाई तिथल्या प्रमुख होत्या. इंग्लंडमधल्या एका अर्लची ही मुलगी. अर्ल म्हणजे आपल्याकडचे मोठे जहागीरदार समजा. जन्माने त्या लेडी रोझमंड. “आमच्या घरात इतक्या खोल्या होत्या,” त्या सांगायच्या, “की एखादा मामा हरवला तरी दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत कुणाला पत्ता लागायचा नाही. एक तर मुद्दामच हरवला होता.”

विशीत असताना त्या न्यूझीलंडला आल्या आणि पुन्हा परत गेल्या नाहीत. का? याची त्यांच्याकडे निदान चार उत्तरं होती. कधी म्हणायच्या, एका काकांच्या मेंढ्या बघायला आले आणि मेंढ्यांपेक्षा या बायका जास्त हुशार वाटल्या. कधी म्हणायच्या, ठरलेला नवरा घोड्यावर फार छान दिसायचा, पण खाली उतरला की बोलायला लागायचा. एकदा मी हट्टच धरला, “मदर, खरं काय?” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, “खरं सांगितलं तर तुला कंटाळा येईल. मी एका दुपारी त्यांचं गाणं ऐकलं, एवढंच.”

गावात मी सगळ्यांचा ‘विन’. मदर मात्र मला पूर्ण ‘विनायाक’ म्हणायच्या, मधला ‘या’ असा ताणून, जणू माझीही कुठेतरी जहागीर आहे.

मठात एक दीड हजार वर्षांपूर्वीचा रिवाज होता. दारावर कुणी टकटक केली की आधी ‘देवाचे आभार’ म्हणायचं आणि मग दार उघडायचं. कोण आलंय ते न बघताच आभार. मदरना ही सवय इतकी लागली होती, की फोन वाजला तरी आभार, मागून कुणी हॉर्न मारला तरी आभार. आणि हॉर्न पुष्कळ लोक मारत, कारण त्यांची ती मागे उघडा हौदा असलेली जुनी युट गाडी राउंडअबाउटवर कुणासाठीही थांबत नसे. एकदा एका नव्या पोलिसाने त्यांना बाजूला घेतलं. काचेवर टकटक केली. आतून आवाज आला, “देवाचे आभार!” तो बिचारा तिथेच गोंधळला. तरी नेटाने म्हणाला, “मॅम, इतक्या घाईने कुठे निघालात?”

“मुला,” मदर म्हणाल्या, “मी साठ वर्षं एकाच टेकडीवर आहे. अशा बाईला घाईची म्हणत नाहीत.”

तंबी मिळालीच. पण पुढच्या रविवारी तो पोलीस मठाच्या बागेत कुंपण दुरुस्त करताना दिसला. मदर लोकांना कामाला कसं लावत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी स्वतः त्यांच्यासाठी सफरचंदं वेचली आहेत, मधाच्या बाटल्यांना लेबलं लावली आहेत, आणि एकदा सुटी घेऊन कोंबड्यांचं खुराडं रंगवलं आहे. दर वेळी घरी येताना वाटायचं, आपल्याला काहीतरी मान मिळाला बुवा.

मग सांगलीहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली. आईचं इंग्रजी बेताचं, पण त्यामुळे तिचं कधी अडलं नाही. ती सगळ्यांशी मराठीत बोलते, फक्त मोठ्याने. आल्यावर आठवड्याभरात शेजाऱ्याला ‘किया ओरा’ हा माओरी नमस्कार आणि कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानदाराला ‘स्वीट अ‍ॅज’ (म्हणजे ‘मस्त’) म्हणायला लागली. टेकडीवर एक मठ आहे आणि तिथल्या प्रमुख सरदारकन्या आहेत, हे कळताच तिने फर्मान काढलं, “विनू, त्यांना जेवायला बोलव. मठाधिपती गावात असताना त्यांच्या पायाची धूळ घराला लागली नाही, हे काय शोभतं?”

त्या जेवणाची हकिगत आमच्या घरात अजून सांगितली जाते.

आईने पुरणपोळ्या केल्या होत्या. आता दोन्ही बाजूंचे नियम लक्षात घ्या. मदरचा मठातला नियम असा, की पानात जे वाढलं जाईल ते मुकाट्याने खायचं, मागायचं नाही, नाकारायचं नाही, आणि पानात कणही टाकायचा नाही. माझ्या आईचा नियम असा, की पाहुण्याचं पान रिकामं दिसलं म्हणजे पाहुणा उपाशी आहे. पाहुण्याने दोन्ही हात आडवे घालून “पुरे, पुरे” म्हणेपर्यंत वाढणं थांबवायचं नाही, आणि म्हटल्यावरही एक वाढायची.

मदरनी पहिली पोळी संपवली. आईने दुसरी वाढली. मदरनी ती संपवली. आईने तिसरी वाढली, वर तुपाची धार. मदरच्या चेहऱ्यावर शांत, शहीद होऊ घातलेल्या माणसाचा भाव आला. पाचव्या पोळीला मला घाम फुटला. आई स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजली, “विनू, मठात खायला घालत नाहीत की काय रे यांना? बिचाऱ्या कधीच्या भुकेल्या आहेत!” मी बाहेर गेलो तर मदर तितक्याच हळू आवाजात म्हणाल्या, “विनायाक, तुझ्या आईला वाईट वाटू नये म्हणून विचारते. यांचा अंत कुठे असतो?”

“थोडं पानात राहू द्या, मदर.”

“पानात?” मदर म्हणाल्या.

“पानात?” आईला एवढं इंग्रजी समजलं होतं. “अन्न टाकायला सांगतोस पाहुण्यांना?”

दोघींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी त्यांचा समान शत्रू झालो. शेवटी सोडवलं माझ्या मुलीने. इरा इथेच जन्मलेली, मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. फोनमधून डोकं वर न काढता ती म्हणाली, “मदर, पानावर हात ठेवा. नुसता हात. असा.” मदरनी हात ठेवला. आई थांबली. “अगंबाई! भरलं वाटतं पोट!” आणि मदर मागे टेकून, डोळे मिटून, मनापासून म्हणाल्या, “देवाचे आभार.”

त्या दिवशीची संध्याकाळची प्रार्थना त्यांनी आमच्या सोफ्यावर आडव्या होऊन म्हटली. त्या दिवसापासून आई त्यांची पक्की मैत्रीण झाली. आई मराठीत बोलायची, मदर त्यांच्या त्या राजेशाही इंग्रजीत, आणि तासन्‌तास. एकदा मी विचारलं, “तुम्ही बोलता काय?” आई म्हणाली, “तुला काय करायचंय? बायकांचं असतं काहीतरी.”

मग मदरनी परत बोलावलं आणि आम्ही मठात जेवायला गेलो. तिथे जेवताना कुणी बोलायचं नाही, एकीने पुस्तक वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा रिवाज. आईला वीस मिनिटं गप्प बसवता येतं हे कुणी माझ्या बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी मठाला देणगी दिली असती. पण आई बसली. बाहेर पडल्यावर म्हणाली, “छान आहे रे. जेवताना टीव्ही नाही, राजकारण नाही, मीठ कमी पडलं म्हणून कुणाची टीका नाही.”

त्या जेवणघरातली टेबलं मात्र लांबच लांब होती, आणि माणसं दोनच. एके काळी तिथे वीस-बावीस जणी असायच्या. एकेक करत त्या मागच्या सफरचंदांच्या बागेत गेल्या, म्हणजे झाडांखाली त्यांची थडगी होती. उरल्या होत्या त्या मदर आणि सिस्टर अ‍ॅग्नेस. सिस्टर अ‍ॅग्नेस मूळच्या इथल्याच तारानाकी भागातल्या, दुधाच्या गायी असलेल्या घरातल्या. मदरपेक्षा थोड्या मोठ्या, चिमणीएवढ्या. त्यांची स्मृती गेली होती. मी कोण ते दर भेटीत त्यांना नव्याने सांगावं लागे. कधी त्या गायींना हाका मारत अंगणात निघत. मदर गुडघे टेकून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत, आणि त्या मदरच्या डोक्यावरून पलीकडे बघत विचारत, “तू कुणाची गं?”

पण प्रार्थनेची वेळ झाली की सिस्टर अ‍ॅग्नेसचे पाय आपोआप प्रार्थनाघराकडे वळत. तिथे समोरासमोर दोन बाक होते. स्तोत्र गायचं ते असं, की एका बाकावरून एक ओळ, समोरच्या बाकावरून पुढची. “म्हणजे आपले गुरुजी दोन बाजूंना बसून आवर्तनं करतात तसं की,” आई मला म्हणाली. सिस्टर अ‍ॅग्नेसना सगळं पाठ. एक शब्द चुकायचा नाही, आणि आवाज विहिरीच्या पाण्यासारखा थंड, स्वच्छ. मदरचा आवाज मात्र, काय सांगू, गंजलेल्या फाटकाचा. त्यांना ते ठाऊक होतं. “देवाने मला पुष्कळ दिलं,” त्या म्हणायच्या, “कान मात्र अ‍ॅग्नेसला दिले, आणि त्याची शिक्षाही अ‍ॅग्नेसलाच.”

त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी परदेशातून त्यांच्या संघाच्या दोन वरिष्ठ साध्वी आल्या. आठवडाभर राहिल्या, सगळं बघितलं, आणि अतिशय प्रेमाने निर्णय दिला. मठ बंद करायचा. सिस्टर अ‍ॅग्नेसना हॅमिल्टनच्या एका रेस्टहोममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, स्मृती गेलेल्यांच्या विभागात ठेवायचं. मदरनी इंग्लंडला जायचं, तिथल्या मोठ्या मठात. आपल्या देशात, आपल्या माणसांत. मदरचा पुतण्या आता अर्ल होता, त्यानेही फोन करून सांगितलं, आत्याबाई, वाटलं तर आमच्या बागेतलं छोटं घर तुमचंच आहे.

गावातल्या सगळ्यांना वाटलं, किती चांगली सोय झाली. मी तसं बोलूनही गेलो.

मदर दुकानात काउंटरला टेकून उभ्या होत्या. खोकत होत्या. “विनायाक, तू लग्न केलंस ना? तुम्ही आधी माणूस निवडता आणि मग घर. आम्ही उलटं करतो. आम्ही शपथ घेतो की या घरात मरेपर्यंत राहू, आत कोण निघेल ते निघेल. त्या दिवशी आत अ‍ॅग्नेस निघाली.” मग जरा थांबून म्हणाल्या, “घर विकू देत. मी शब्द घराला नव्हता दिला. मला तिच्याबरोबर जायचंय.”

आता गंमत बघा. जिला एका महालात जन्म मिळाला, ती बाई रेस्टहोममधली एक खोली मागत होती आणि ती मिळत नव्हती. त्या विभागात जागा ज्यांना गरज आहे त्यांनाच. मदर गरजू नव्हत्या. ऐंशी उलटल्या होत्या, पण सरळ चालत होत्या, खुराड्यावर चढत होत्या, आणि बुद्धी तर अशी की माझ्या बिलातली चूक उलट्या बाजूने वाचून काढायच्या. तरी त्यांनी अर्ज केला, आणि आरोग्य खात्याकडून त्यांची आणि सिस्टर अ‍ॅग्नेसची तपासणी करायला एक बाई येणार असं ठरलं. अशा वेळी घरचं माणूस सोबत बसवता येतं. मदरनी माझं आणि आईचं नाव दिलं.

आईने आदल्या दिवशी शिकवणी घेतली. मी दुभाषी.

“मदर, त्या बाईने काही विचारलं की म्हणायचं, विसरले.”

“पण मी विसरलेले नाही.”

“अहो, म्हणायचं नुसतं! चष्मा कुठे? विसरले. सकाळी काय खाल्लं? विसरले.”

“लापशी खाल्ली.”

“विनू, सांग रे यांना! इतकी वर्षं मठ चालवलात आणि साधं एक खोटं बोलता येत नाही? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे पाठवा यांना चार दिवस.”

मदर खूप हसल्या, मग खोकल्या, मग म्हणाल्या, “तुझ्या आईला सांग, मी विचारतील त्याचं खरं उत्तर देणार. दुसरं मला येत नाही.” आईने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी हेलन नावाची ती बाई आली. पन्नाशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, पावसाने भिजलेली. चांगली होती. बाहेरच्या खोलीत आम्ही बसलो आणि प्रश्न सुरू झाले.

“मदर, आज कोणता वार?”

“आज एका हुतात्मा कुमारिकेचा दिवस आहे. वार बघावा लागेल.”

“ऋतू कोणता चाललाय?”

“साधा काळ,” मदर म्हणाल्या. त्यांच्या पंचांगात तेव्हा तेच नाव चालू होतं. हेलनने खिडकीबाहेरच्या धो-धो पावसाकडे पाहिलं आणि काहीतरी टिपलं. आई माझ्या गुडघ्यावर हलकेच थापटून म्हणाली, “बरं चाललंय!”

“पंतप्रधान कोण आहेत, सांगू शकाल?”

“असणार कुणीतरी. आम्ही रोज त्या व्यक्तीसाठी प्रार्थना करतो, पण नाव न घेता. नाव घातलं की दर निवडणुकीला खाडाखोड.”

“बरं. या घरात कोण कोण राहतं?”

“अ‍ॅग्नेस आणि मी आत. बाकीच्या सगळ्या बागेत.”

“बागेत?”

“सफरचंदांखाली.”

“तुम्ही... त्यांच्याशी बोलता?”

“रोज संध्याकाळी. दोघींशी अजून पटत नाही.”

हेलनचा आवाज अगदी मऊ झाला. “मदर, तुम्हाला कधी कुणाचे आवाज ऐकू येतात का? इतरांना न येणारे?”

आई पुटपुटली, “हो म्हणा, बाई, हो म्हणा.”

मदरनी मान जरा कलती केली. “फार इच्छा आहे,” त्या म्हणाल्या. “साठ वर्षं कान देऊन आहे. अजून तरी नाही.”

हेलनने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आणि मग ती हसायला लागली. टॅब्लेट मांडीवर पालथा ठेवून डोळे पुसेपर्यंत हसली. मदरही हसल्या. आम्हीही हसलो, आणि त्याच क्षणी मला कळलं की गेलं सगळं.

“मदर,” हेलन म्हणाली, “या आठवड्यात मी भेटलेल्या माणसांत तुम्ही सगळ्यांत शाबूत आहात. मला धरून. मी तुम्हाला त्या विभागात पाठवू शकत नाही. तिथली प्रत्येक खोली कुणाच्या तरी आईसाठी अडलेली असते.”

“बरोबर आहे तुझं,” मदर म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच मला म्हाताऱ्या दिसल्या. त्यांनी वाद घातला नाही. नुसता हात फिरवून झग्याची चुणी सरळ करत राहिल्या, पुन्हा पुन्हा तीच चुणी.

तेवढ्यात सिस्टर अ‍ॅग्नेस दारात येऊन उभ्या राहिल्या. एका पायात बूट, एक पाय मोज्यात. प्रार्थनेची वेळ झाली होती. त्या कुणाकडेही न बघता वळल्या आणि चालू लागल्या. “क्षमा कर,” मदर हेलनला म्हणाल्या आणि मागोमाग गेल्या. सिस्टर अ‍ॅग्नेसची तपासणी व्हायची होतीच, म्हणून हेलन उठली. आम्हीही गेलो.

दोघी समोरासमोर बसल्या. सिस्टर अ‍ॅग्नेसनी ओळ म्हटली, मदरच्या फाटकाने उत्तर दिलं. ओळ, उत्तर. ओळ, उत्तर. आणि मग मदरना खोकल्याची उबळ आली. माझ्याच दुकानातलं औषध चालू होतं, पण उबळ थांबेना. सिस्टर अ‍ॅग्नेसनी आपली ओळ संपवली आणि त्या थांबल्या. तोंड किंचित उघडं. समोरून काही येईना. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली, जरा मोठ्याने. काही नाही. मग त्यांचे हात झग्यावर काहीतरी शोधायला लागले. त्या अर्धवट उठल्या, दाराकडे बघितलं, छताकडे बघितलं. जत्रेत आईचं बोट सुटलेल्या मुलाचा चेहरा असतो तसा तो चेहरा झाला.

माझ्या आईला काही ते बघवेना. ती तरातरा जाऊन मदरच्या शेजारी बाकावर बसली, आणि शब्द येत नव्हते तरी नुसत्या चालीवर “आ... आ...” करत ओळ धरली. सूर बरा लागला होता, मदरपेक्षा नक्कीच बरा. सिस्टर अ‍ॅग्नेसनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि मान हलवली. नाही. त्या पुन्हा वाट बघू लागल्या, आणि आता त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

मदरनी रुमाल तोंडावरून काढला. श्वास घेतला. आणि घोगऱ्या, बेसूर, फाटक्या आवाजात पुढची ओळ म्हटली. सिस्टर अ‍ॅग्नेस तत्काळ खाली बसल्या. हात मांडीवर आले. पुढची ओळ विहिरीच्या पाण्यासारखी स्वच्छ निघाली, मध्ये काही घडलंच नाही अशी.

हेलन टॅब्लेट छातीशी धरून दारात उभी होती. स्तोत्र संपल्यावर तिने मला विचारलं, “हे रोज?”

“दिवसातून कितीतरी वेळा.”

“आणि समोर कुणी नसेल तर?”

मी सिस्टर अ‍ॅग्नेसच्या ओल्या गालांकडे पाहिलं. ती तिथेच पायरीवर बसली. मदरची तपासणी तिने बाजूला सारली आणि सिस्टर अ‍ॅग्नेसची उघडली. कशाकशाची मदत लागते ते एकेक लिहीत गेली. अंघोळीला माणूस. गोळ्या द्यायला माणूस. बूट घालायला माणूस. मग म्हणाली, “आणि समोरच्या बाकावर मदर विनिफ्रेड. ही काही मदरची गरज नाही. ही अ‍ॅग्नेसची गरज आहे. असं मी लिहू शकते. आता वरचे लोक काय म्हणतात बघू.”

आई माझ्याकडे वळली. “काय म्हणाली?” मी सांगितलं. आई उठून गेली आणि तिने ओल्या कोटासकट हेलनला मिठी मारली. “स्वीट अ‍ॅज,” तिला म्हणाली, “स्वीट अ‍ॅज, बाई!”

वरच्या लोकांनी लगेच होकार दिला नाही. फोन झाले, बैठका झाल्या, हेलन दोनदा भांडून आली. रेस्टहोमच्या मॅनेजरला शंका होती की उद्या प्रत्येक जण आपल्या समोरचं माणूस घेऊन येईल. “यावं की,” हेलन तिला म्हणाली म्हणे. शेवटी त्याच विभागाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये एक लहान खोली निघाली. पूर्वी तिथे इस्त्रीचे कपडे ठेवत. दाराच्या कुलपाचा आकडा मदरना सांगण्यात आला. संघाच्या वरिष्ठांना मदरनी स्वतः फोन केला. “मी हलत नाहीये,” त्या म्हणाल्या, “आमचं घर हलतंय.” पुतण्या अर्ल फोनवर म्हणाला, आत्याबाई, कपड्यांच्या खोलीत? मदर म्हणाल्या, “तुझ्या आजोबांच्या घरातली कपड्यांची खोली आठवते ना? मामा तिथेच सापडला होता. खूष होता.”

मठ विकला गेला. कोंबड्या मी आणि तो पोलीस यांनी वाटून घेतल्या. त्या रेस्टहोमचं औषध माझ्या दुकानातून जायला लागलं आणि दर गुरुवारी मी ते पोहोचवायला जायचो. मदरनी तिथल्या नर्सना, स्वयंपाक्याला आणि मॅनेजरलासुद्धा कामाला लावलं होतं. टीव्हीच्या खोलीत ठरलेल्या वेळी टीव्ही बंद व्हायचा आणि दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या जायच्या. ऐकायला म्हातारे जमायचे. एक माओरी आजोबा मदरच्या बाजूला बसून त्यांचा सूर ओढून नीट जागेवर आणायचे.

त्या वर्षी आईला सांगलीला सोडायला मी भारतात गेलो, तेव्हा मदर गेल्या. छातीतला तोच खोकला वाढला आणि दोन दिवसांत आटोपलं. मंजिरीने, माझ्या बायकोने, फोन केला. आईने उठून पुरण शिजत घातलं.

म्हणून माझ्या लेखी त्यांचं शेवटचं दर्शन म्हणजे मी निघण्यापूर्वीचा गुरुवार. मी औषधांची पेटी घेऊन आत गेलो, तर जेवणाच्या खोलीत खिडकीशी दोघीच होत्या. सिस्टर अ‍ॅग्नेस ताठ उभ्या, आणि मदर समोर खुर्चीवर, हातात चहाचा कप. तरुणपणी सिस्टर अ‍ॅग्नेसकडे मठात नव्याने येणाऱ्या मुलींना वळण लावण्याचं काम होतं, आणि लेडी रोझमंडलाही त्यांनीच घडवलं होतं. हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मात्र सिस्टर अ‍ॅग्नेस त्याच काळात पोहोचल्या होत्या, आणि समोर त्यांना एक नवी मुलगी दिसत होती.

“दोन्ही हातांनी,” सिस्टर अ‍ॅग्नेस कडक आवाजात म्हणाल्या. “आमच्याकडे कप दोन्ही हातांनी धरतात. घरी कुणी शिकवलं नाही वाटतं?”

“नाही, सिस्टर,” अर्लची मुलगी म्हणाली.

“पाठ सरळ.”

मदरनी पाठ सरळ केली. मला बघितलं, पण ओळख दाखवली नाही. फक्त डोळ्यांत काहीतरी चमकलं, खोडकर.

“किती दिवस राहणार आहेस?” सिस्टर अ‍ॅग्नेसनी विचारलं.

“ठेवून घेतलंत तर कायमची.”

सिस्टर अ‍ॅग्नेसनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. घाई केली नाही.

“बघू,” त्या म्हणाल्या. “आधी तो कप नीट धर.”